अकरा खिळे

देवपुरातल्या होस्टेलची चौदा नंबरची खोली
दोघींपुरती बांधलेली, आणि आम्ही तिघी.
चारुलता भंगाळेने आल्या आल्या वितीने मोजली:
लांबी सोळा विती, रुंदी बारा,
दार उघडलं की त्यातल्या चार विती दाराच्या.
मग तिने आमच्या तीन ट्रंका मोजल्या
आणि काही न बोलता खाटेवर बसली.

मागे नव्या लॅबचं बांधकाम चालू होतं.
तिथून विटा आणल्या, दप्तरातून, दोन-दोन करून,
वॉचमन नानांना गुड इव्हिनिंग म्हणत.
दोन्ही खाटा वीटभर उंच झाल्या.
ट्रंका आत, बादल्या आत, चपला आत.
फक्त चारुच्या आईने सावद्याहून पाठवलेला
बिबड्यांचा पत्र्याचा डबा काही केल्या जाईना.
तो सगळ्यात जास्त जागा खायचा.
म्हणून आम्ही त्यालाच खाल्लं, नऊ रात्रींत,
मेसच्या शेगडीवर भाजून, तेल आणि शेंगदाण्यांसोबत.

खरी जागा काढली ती सायकीने.
सायकी पावरा, धडगावच्या वरच्या पाड्यावरची.
आठवडाभर आमचं ढकलणं-कोंबणं बघून म्हणाली,
तुम्ही सगळं खालीच का ठेवता?
आमच्याकडे मका वर, बियाणं वर, दुधी वर,
ढोलसुद्धा वर.
खाली फक्त माणसं आणि कोंबड्या.

मग खिळे. पावशेर, अडीच इंची.
हातोडा म्हणून उरलेली नववी वीट.
खताच्या गोणीला कप्पे शिवून ती दारामागे,
मोडक्या छत्रीच्या काड्यांवर ओढण्या,
सुतळीच्या शिंक्यात पातेलं,
ड्रॉइंग बोर्ड भिंतीला पाठ लावून उभे
वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे.

अकराव्या खिळ्यावरून भांडण झालं.
खिळा माझ्या उशाशी, त्यावर ओला टॉवेल चारुचा.
तुन्हा टावेल काढ, नहीते फेकी दिसू, मी म्हणाले.
तिने लेवा बोलीत त्याहून वाईट काहीतरी सांगितलं.
सायकीला दोन्हींतलं निम्मं निम्मं कळत होतं,
ती खिडकीबाहेर बघत राहिली.
तेव्हा लक्षात आलं,
सगळ्याची सोय केली होती आपण,
रुसायची केली नव्हती.
पाठ फिरवावी तर समोर आरसा,
आणि आरशात चारुची पाठ.
शेवटी मी गच्चीच्या जिन्यात जाऊन बसले.
तिथे सात नंबरची कुणीतरी आधीच बसलेली.
ती थोडी सरकली.

खाली झोपायची पाळी आठवड्याने फिरायची.
एप्रिलात ती सगळ्यांनाच हवी झाली.
रात्री बारालाही भिंत हात लावू देईना,
पंखा गरम हवा वाटत होता, तिघींना सारखी.
आम्ही दोन बादल्या पाणी फरशीवर ओतलं,
आणि जिच्यासाठी वर्षभर विटा, गोणी, सुतळी केली
त्या मोकळ्या फरशीवर ओळीने आडव्या झालो.
खाटा रिकाम्या. उद्या गणिताचा पेपर.
वर शिंकं हळूहळू हलत होतं.
सायकी झोपेत
कोंबडी हाकलावी तसं काहीतरी बोलली.

मेमध्ये रेक्टर सोनवणे बाईंची नोटीस लागली:
भिंतीला भोक दिसल्यास
दर भोकामागे पन्नास रुपये डिपॉझिटमधून कापले जातील.
साडेपाचशे.
आम्ही खिळे उपटले, भोकं टूथपेस्टने बुजवली.
पेस्ट चारुची, कारण माझी निळी होती.
टॉवेलच्या खिळ्याचं भोक तिने स्वतः बुजवलं,
बोटाने सपाट करत, उगाच खूप वेळ.
खोलीला तोंड धुतल्याचा वास आला.
बाई दारातूनच बघून सही करून गेल्या.

आता जूनमध्ये कोण येईल, माहीत नाही.
तिचीही ट्रंक असेल, डबा असेल.
ओढणी टांगायला ती भिंत चाचपेल,
आणि अकरा ठिकाणी
वीट न शोधता,
जवळजवळ नुसत्या अंगठ्याने,
खिळा आत जाईल.